अंगाला पुरेल आणि खांद्याला पेलेल अशी वळकटी

तायांनो, ज्येष्ठ लागला की आपल्या गावागावांत वारीची तयारी सुरू होते. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि आपल्या तालुक्यात रावगाव, करमाळा, जेऊर, कंदर अशी मजल करत पंढरीकडं जाते. आपल्यातल्या कितीतरी जणी कधी करमाळ्यातून, कधी जेऊरातून दिंडीत सामील होतात. इथून पुढं चाललं तरी पाच-सहा रात्री बाहेर काढाव्या लागतात. कुणी शाळेच्या व्हरांड्यात झोपतं, कुणी राहुटीत, कुणी देवळाच्या ओट्यावर.

तयारीत आपण काय काय बघतो? चपला, औषधं, तुळस, टाळ, दोन साड्या, शिधा. अंथरूण-पांघरूण मात्र शेवटच्या दिवशी हाताला लागेल ते गुंडाळतो. अंगानं भरलेल्या बाईची खरी अडचण इथंच होते. चादर एका कुशीला पुरते, दुसऱ्या कुशीला उघडी पडते. चटईवर पाठ मावते, पण कूस बदलली की गुडघे जमिनीवर. दुकानातली स्लीपिंग बॅग घ्यावी म्हटलं तर चेन पोटापर्यंत येऊन अडते. मग बाई गप्प बसते. "मला नगं, मी अशीच झोपते," म्हणते आणि रात्रभर जागी राहते. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस किलोमीटर चालायचं असतं. काही जणी तर याच कारणानं वारीला यायचंच टाळतात, आणि कारण मात्र दुसरंच सांगतात.

बैठकीत हा विषय निघाला की आधी सगळ्या हसतात, आणि मग एकेक जण बोलायला लागते. म्हणून या अंकात हे नीट लिहून काढलं आहे. वारीसाठी लिहिलंय, पण तुळजापूरला पायी जाणाऱ्या, प्रशिक्षणाला बाहेरगावी मुक्काम करणाऱ्या, मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात माल घेऊन जाणाऱ्या आणि हंगामात कोपीत राहणाऱ्या तायांनाही ते तेवढंच लागू पडेल.

आधी समजून घेऊ: ऊब कशानं राहते?

गोधडी किंवा रजई स्वतः गरम नसते. आपलं अंग गरम असतं. पांघरुणाच्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि ती हवा आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फुगलेलं पांघरूण उबदार असतं आणि दाबून चपटं झालेलं गार लागतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं आपोआप कळतं.

पहिलं म्हणजे, पिशवी अंगाला घट्ट बसली तर आतला कापूस किंवा फायबर ताणून दाबला जातो. खांद्याला, कमरेला, गुडघ्याला जिथं ताण पडतो तिथंच गार लागतं. जाड बाईला अरुंद पिशवीत थंडी वाजते ती यामुळं. "एवढं अंग असून हिला थंडी कशी वाजते," असं लोक म्हणतात. दोष अंगाचा नसतो, मापाचा असतो.

दुसरं, पिशवी गरजेपेक्षा फार मोठी असली तरी फायदा नाही. आतली सगळी मोकळी हवा आपल्याच अंगानं तापवावी लागते आणि वजन उगाच वाढतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपण ज्या बाजूवर झोपतो ती बाजू आपल्याच वजनानं दाबली जाते. म्हणजे पिशवीचा खालचा थर जवळजवळ फुकट जातो. खालून जमीन ऊब ओढून घेते. तिथं पांघरूण कामाला येत नाही, चटई येते.

यातून सरळ हिशेब निघतो: अंगाला ऐसपैस आणि तरी हलकं हवं असेल तर बाजूनं पूर्ण उघडणारं पांघरूण घ्यायचं, आणि वाचलेलं वजन खालच्या चटईवर घालायचं.

आपलं माप काढायचं कसं?

ब्लाऊजचं माप आपण इंचाइंचानं घेतो, पांघरुणाचं कधीच घेत नाही. टेप घ्या आणि मैत्रिणीला मदतीला बोलवा. दोन घेर मोजायचे:

1. खांद्याचा घेर: दोन्ही हात अंगाला चिकटवून सोडा आणि दंडांसकट भोवतीनं टेप फिरवा.
2. कमरेखालचा घेर: नितंब आणि पोट धरून जिथं सगळ्यात जास्त भरतं तिथं. माप रात्री जे नेसून झोपता त्यावरूनच घ्या. साडीच्या निऱ्या आणि ओचा धरूनच आपण झोपतो.

दोन्हींतला मोठा आकडा धरा. त्यात कूस बदलायला, गुडघे पोटाशी घ्यायला 12 इंच मिळवा. बेरजेचे निम्मे करा. पिशवी जमिनीवर सपाट पसरल्यावर तिची रुंदी एवढी तरी असायला हवी.

- घेर 44 इंच असेल तर 44 अधिक 12 म्हणजे 56. निम्मे 28 इंच.
- घेर 50 असेल तर 62. निम्मे 31 इंच.
- घेर 56 असेल तर 68. निम्मे 34 इंच.
- घेर 60 असेल तर 72. निम्मे 36 इंच.

दुकानातल्या नेहमीच्या चौकोनी पिशव्या साधारण 75 सेंटिमीटर, म्हणजे 30 इंचांच्या आसपास रुंद असतात. म्हणजे घेर 48 च्या पुढं गेला की त्या कमी पडायला लागतात. पिशवीवर माप सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, तेव्हा आपले इंच अडीचनं गुणा. 34 इंच म्हणजे 85 च्या थोडं वर.

आकडेमोड नको वाटत असेल तर घरच्या घरी दुसरी पद्धत आहे. दोन जुन्या चादरी घ्या. सेफ्टी पिनांनी लांबीच्या कडा जोडून नळी करा. आत शिरून आडव्या व्हा. उजव्या कुशीवर या, डाव्या कुशीवर या, गुडघे पोटाशी घ्या, हात तोंडापर्यंत आणून बघा. कुठं ताण आला तर पिना सोडून नळी सैल करा. सगळं मोकळेपणानं जमलं की नळी सपाट पसरून रुंदी मोजा. तोच तुमचा आकडा. वहीत लिहून ठेवा.

लांबीचं गणित सोपं आहे. आपली उंची अधिक 12 इंच. पाच फुटांच्या बाईला सहा फूट लांबी भरपूर झाली. इथं बाजारात एक घोळ आहे. पिशवीवर 'लार्ज' किंवा 'एक्स्ट्रा लार्ज' लिहिलेलं असतं, पण पुष्कळदा ती वाढवलेली असते लांबीला, रुंदीला नाही. मोठं माणूस म्हणजे उंच माणूस असं बनवणाऱ्यानं धरलेलं असतं. आपल्यात ठेंगणी आणि भरलेली बाई जास्त. तिच्या पायाखाली फूटभर कापड रिकामं लोळतं, खांद्याशी मात्र चेन लागत नाही. न लागणाऱ्या कापडाचे पैसेही द्यायचे आणि वजनही वाहायचं. म्हणून आकाराचं अक्षर बघू नका, रुंदीचा आकडा विचारा.

लेबलवरचं तापमान कुणासाठी?

चांगल्या पिशव्यांवर तापमान लिहिलेलं असतं. 'कम्फर्ट' इतकं, 'लिमिट' इतकं. ही चाचणी आंतरराष्ट्रीय नियमानं होते. त्यात 'कम्फर्ट'चा आकडा एका ठरावीक बाईवर बेतलेला आहे. वय 25, उंची 160 सेंटिमीटर, वजन 60 किलो. 'लिमिट'चा आकडा ठरावीक पुरुषावर, त्याचं वजन 70 किलो. म्हणजे आपण बायकांनी 'कम्फर्ट'चाच आकडा बघायचा. आणि तो आकडा पिशवी अंगाला नीट बसते असं धरून दिलेला असतो. घेर 56 असलेल्या बाईनं अरुंद पिशवी ताणून बसवली तर लेबलवरची ऊब तिला मिळणार नाही.

कोणत्या वारीला काय?

आषाढीला आपल्याकडं रात्रीचा पारा सहसा वीसच्या खाली जात नाही. थंडी नसते. त्रास असतो तो वाऱ्याचा, अचानक येणाऱ्या सरीचा आणि खालच्या ओलीचा. भरलेल्या जाड पिशवीत घाम येतो. आषाढीला एक रुंद सुती चादर आणि वाऱ्यासाठी वरून एक पातळ कापड पुरतं.

कार्तिकीला आणि माघीला चित्र वेगळं. पहाटे चांगलाच गारठा असतो. केत्तूर, वांगी, कंदर भागातल्या तायांना उजनीच्या पाण्याकाठची पहाट सांगायला नको. तेव्हा भरलेलं पांघरूण हवं. बाजारातून घेत असाल तर 10 ते 15 अंश 'कम्फर्ट' असलेली पिशवी आपल्या हवेला पुरेशी आहे. शून्य किंवा उणे अंशांची पिशवी हिमालयात जाणाऱ्यांसाठी असते. ती जास्त महाग आणि जास्त जड. आपल्याला तिची गरज नाही.

भरण्यात दोन प्रकार मिळतात. एक पक्ष्यांच्या पिसांचा, दुसरा फायबरचा. पिसांची पिशवी फार हलकी असते, पण भिजली की गोळा होते आणि ऊब जाते. किंमतही आपल्या आवाक्याबाहेरची. फायबरची थोडी जड, पण ओली झाली तरी थोडी ऊब राहते आणि लवकर वाळते. आपल्याला फायबरच बरी.

आकारातही दोन प्रकार आहेत. एक पायाकडं निमुळती होत जाणारी आणि डोक्याला टोपी असलेली. ती भरलेल्या अंगाच्या बाईनं घेऊच नये. आपण कुशीवर, गुडघे दुमडून झोपतो. त्यात गुडघे अडकतात. दुसरी चौकोनी, एका बाजूनं आणि पायाकडून चेन असलेली. ती पूर्ण उघडली की रजई होते. घ्यायची तर हीच.

आपल्या घरातल्या पांघरुणाचं काय?

बाजारातलंच घ्यायला हवं असं मुळीच नाही. घरातलं आधी तराजूवर ठेवा. किराणा दुकानातला काटा चालेल.

गोधडी: एक सुती साडी साधारण अर्ध्या किलोची. सहा थरांच्या गोधडीला तीन साड्या जातात, म्हणजे दीड किलो. थर वाढले की वजन वाढलं. रुंद हवी तर आणखी वाढलं. ऊब छान, घाम टिपते, अंगाला मऊ. पण सुती असल्यामुळं भिजली की पाणी धरते, दुप्पट जड होते आणि दिवसभर वाळत नाही. घरात तिच्यासारखी दुसरी नाही, पण पावसाच्या वारीत ती साथ देत नाही.

सोलापुरी चादर: आपल्या जिल्ह्याची, भौगोलिक मानांकन मिळालेली. टिकाऊ आणि धुवायला सोपी. घेताना डबल मापाचीच घ्या. सिंगल चादर भरलेल्या अंगाला कूस बदलली की उघडी पडते. आषाढीसाठी डबल चादर हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

घोंगडी: लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते आणि अंगाखाली अंथरायलाही चांगली. पण जड असते. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाणार असेल तर न्या. स्वतःच्या पाठीवर असेल तर विचार करा.

खालची चटई: इथं कंजुषी नको

अंग जितकं जड तितका नितंबावर आणि खांद्यावर दाब जास्त. पातळ चटई तिथं चपटी होते आणि फरशी टोचायला लागते. सकाळी कंबर धरली की आपण वयाला दोष देतो, पण पुष्कळदा दोष चटईचा असतो.

चटई घेताना दुकानातच एक परीक्षा करा. चटई फरशीवर टाका आणि तिच्यावर एक गुडघा टेकून सगळा भार द्या. फरशी लागली तर ती पातळ आहे. लागली नाही तर घ्या. फोमची 10 ते 12 मिलिमीटर जाडीची चटई बहुतेक जणींना चालते. त्यानंही टोचत असेल तर नितंबाखाली घडी घातलेली साडी किंवा फोमचा दुसरा तुकडा ठेवा. पूर्ण लांबीची दुसरी चटई नेण्याची गरज नाही.

रुंदी बघायला विसरू नका. नेहमीची चटई 20 ते 24 इंच असते. भरलेल्या बाईला 28 ते 30 इंच हवी. तेवढ्या पन्ह्याचा पांढरा पॅकिंगचा फोम रोलवर मिळतो. तो कापून घेता येतो. सहा फूट लांब, 28 इंच रुंद, 10 मिलिमीटर जाड तुकड्याचं वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. एवढ्या वजनात एवढं सुख दुसरं कशातच नाही.

हवा भरायची गादी हलकी आणि मऊ असते, पण आपल्या रानात बाभळीचा काटा कुठं असेल सांगता येत नाही. एक काटा लागला की रात्र जमिनीवर. नेलीच तर खाली ताडपत्री नक्की टाका.

ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक सगळ्यात खाली. वर नाही. पाऊस येईल म्हणून प्लास्टिक अंगावर ओढून घेतलं तर आपल्याच श्वासाचं आणि घामाचं पाणी आत साठतं आणि सकाळी पांघरूण भिजलेलं असतं.

वजनाचा हिशेब

दिंडीच्या ट्रकमध्ये सामान जाणार असेल तरी ट्रकपासून राहुटीपर्यंत वळकटी आपल्यालाच न्यावी लागते. दिवसभर चाललेल्या पायांना तेवढंही जड जातं. आणि जी बाई दिंडीशिवाय, स्वतःचं ओझं स्वतः घेऊन चालते, तिच्या गुडघ्यांवर दर पावलाला ते वजन येतं. म्हणून एक मर्यादा ठरवा. ट्रक असेल तर अंथरूण-पांघरूण मिळून तीन किलोच्या आत. पाठीवर असेल तर दोन किलोच्या आत.

दोन किलोत काय काय बसतं बघा. फोमची चटई 400 ग्रॅम, सहा बाय चार फुटांची पातळ ताडपत्री 250 ग्रॅम, आणि थंडी असेल तर खाली सांगितलेली मापाची रजई किलो-सव्वा किलो. आषाढीला रजईऐवजी रुंद सुती चादर घेतली तर सगळं दीड किलोच्या आत येतं. उशी नेऊच नका. बदलायचे कपडे खोळीत भरले की उशी झाली.

घरी किंवा गटात शिवायची रजई

आपल्या गटांत शिलाई मशीन आहे आणि हातही आहेत. बाजारात आपलं माप नसेल तर आपण शिवायचं.

रुंदी: रजईला खालची बाजू नसते, म्हणून पिशवीएवढं कापड लागत नाही. अंगाच्या घेराइतकीच रुंदी पुरते. घेर 56 तर रजई 56 इंच रुंद. 60 इंची पन्ह्यात जोड न देता बसते. घेर 58 च्या पुढं असेल तर दोन्ही बाजूंना चार-चार इंचांची पट्टी लावा. जोड मधोमध घेऊ नका, अंगाखाली येऊन टोचतो.

लांबी: उंची अधिक 12 इंच. पाच फुटांच्या बाईला सहा फूट.

कापड: वरून छत्रीच्या कापडासारखं पातळ, दाट विणीचं नायलॉन किंवा पॉलिस्टर. वारा अडतो आणि दहिवर लगेच आत जात नाही. आतून जुनी मऊ सुती साडी. अंगाला बरी आणि घाम टिपते. मध्ये फायबरची शीट, दर चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम वजनाची. दुकानात 'दोनशे जीएसएम'ची शीट म्हणून मागा. सहा फूट बाय 58 इंच म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर. 200 ची शीट घेतली तर भरण 540 ग्रॅम, वरचं कापड दोनशेच्या आसपास, आतली साडी तीनशे-सव्वातीनशे. सगळं मिळून किलोच्या थोडं वर.

शिवण: तिन्ही थर टाचून घ्या आणि दर सहा इंचांवर आडवी शिवण मारा, म्हणजे फायबर खाली सरकून गोळा होणार नाही. गोधडीसारखी दाट शिवण नको. शिवण जिथं पडते तिथं रजई चपटी होते आणि ऊब जाते.

पायाची खोळ: पायाकडचे 18 इंच दोन्ही कडा जोडून शिवा आणि टोक बंद करा. पाय त्या खोळीत राहतात, वरचा भाग मोकळा. कूस बदलली तरी पांघरूण पायावरून सरकत नाही. खोळीच्या वर दोन ठिकाणी नाडी लावा. जास्त थंडी असेल तर नाडी चटईखालून घेऊन बांधायची. उकडलं तर सोडून द्यायची.

आतली खोळ: जमलं तर पातळ सुती कापडाची वेगळी खोळ शिवा, नाडीनं अडकवता येईल अशी. घाम आला, पाळीचा डाग लागला तरी फक्त खोळ धुवायची. गडद रंग घ्या.

विकत घेत असाल तर दुकानात काय बघाल?

- पिशवी उघडायला लावा आणि खाली पसरून आत झोपून बघा. संकोच वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा. चारशेचा ब्लाऊज अंगाला लावून बघतो, मग त्याहून महागाची पिशवी न बघता का घ्यायची?
- चेन बंद करून कूस बदला. खांद्याला ताण आला तर दुसरी दाखवा म्हणा.
- चेन आतून, एका हातानं, अंधारात उघडता आली पाहिजे. रात्री लघवीला उठायचं असतं, कधी काही आवाज झाला तर पटकन बाहेर यायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला तर बाजू पूर्ण उघडली तरच टेकून उठता येतं. म्हणून ही बघण्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.
- चेन वरून आणि खालूनही उघडणारी असेल तर उत्तम. उकडलं की पाय मोकळे करता येतात.
- एकीची चेन डावीकडं आणि दुसरीची उजवीकडं, अशा एकाच बनावटीच्या दोन पिशव्या बहुधा एकमेकींना जोडता येतात. मायलेकी किंवा दोघी जावा एकत्र झोपत असतील तर विचारून घ्या.
- मोबाईलवरून मागवत असाल तर रुंदीचा आणि वजनाचा आकडा वाचल्याशिवाय पैसे भरू नका. परत घेण्याची अट आधी बघा, आणि आल्या दिवशीच आत झोपून बघा.

मुक्कामावर पाळायच्या गोष्टी

झोपण्याआधी पांघरूण उलटं करून झटका. सकाळी घडी घालण्याआधीही झटका. विंचू आणि घोण आडोशाच्या जागा शोधतात. पायाच्या खोळीत हात घालण्याआधी ती बाहेरून दाबून बघा.

नायलॉन आणि फायबर आगीला लगेच धरतं. चूल, स्टोव्ह, उदबत्ती, डासांची कॉइल अंथरुणापासून लांब ठेवा. राहुटीत कॉइल लावायचीच असेल तर ताटलीत, दाराशी.

सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं तरी रजई वाऱ्यावर टाका. रात्रीचा घाम निघून जातो. ओली बांधली तर दुसऱ्या रात्री गार लागते आणि वास येतो. घरी आल्यावर साध्या साबणानं धुवा, पिळू नका, सावलीच्या वाऱ्यात वाळवा. वर्षभर ठेवताना घट्ट गुंडाळी करू नका. सैल घडी करून पेटीत सगळ्यात वर ठेवा. दाबून ठेवलेलं फायबर पुन्हा पहिल्यासारखं फुगत नाही.

"एवढी नाटकं कशाला?"

असं म्हणणाऱ्या भेटतील. "आमच्या सासूबाई एका पटकुरावर वारी करून आल्या," म्हणतील. खरं आहे. पण त्या सासूबाईंची कंबर धरली होती का, रात्री झोप लागली होती का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विठ्ठलाच्या वाटेवर कष्ट असतातच. पण चालण्याचे कष्ट वेगळे, आणि पांघरूण अंगाला पुरत नाही म्हणून रात्रभर उघडं पडणं वेगळं. दुसऱ्या कष्टाला काही पुण्य नाही. तो नुसता मापाचा प्रश्न आहे, आणि माप आपल्या हातात आहे.

गटांसाठी एक काम

या लेखातून गटांना एक छोटा व्यवसायही करता येईल. मापाची रजई आणि रुंद चटई अशी जोडी ऑर्डरप्रमाणं शिवून देता येईल. आधी एकच नमुना शिवा. गटातल्याच एका ताईनं त्यात आठवडाभर झोपून बघावं, मग ऑर्डर घ्या. कापड, शीट, नाडी, दोरा यांचा खर्च लिहा, शिलाईचे तास लिहा, आणि मगच किंमत ठरवा. आपली मजुरी धरायला विसरू नका.

नोंदवहीत एक नियम पाळा. माप आकड्यानं लिहायचं: 28, 31, 34, 36. 'जाड', 'फार जाड' असे शेरे लिहायचे नाहीत आणि मोठ्यानं बोलायचेही नाहीत. मोजमाप आतल्या खोलीत, एकीनं एकीचं घ्यायचं. जी बाई दुकानात माप सांगायला लाजते ती आपल्या गटात लाजू नये. ती आपल्याकडं येईल ते यासाठीच.

येत्या मासिक बैठकीला येताना प्रत्येक गटानं टेप, एक जुनी चादर आणि दहा-बारा सेफ्टी पिना आणाव्यात. सगळ्याच जणींची मापं घेऊ, बारीक असो की भरलेली. वारीला निघायच्या आधी प्रत्येकीच्या वहीत तिचा आकडा लिहिलेला असू द्या.